लक्ष कोठे आहे तुझे?

कर्णबधिर माणसाचे डोळे फार तीक्ष्ण असतात, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. देव एक काढून घेतो आणि दुसरे देतो, ही त्यामागची भाबडी समजूत. शाळेत मात्र अगदी उलट तक्रार ऐकू येते : हे मूल चंचल आहे, याची नजर एका जागी राहत नाही. माझ्या मते ही दोन्ही मते चुकीची आहेत आणि दुसरे तर घातक आहे.

फळ्यावरचे बारीक अक्षर वाचण्याची शक्ती कर्णबधिरांत आणि ऐकू येणाऱ्यांत सारखीच आढळते. फरक आहे तो लक्षाच्या वाटणीत. मॅथ्यू डाय, पीटर हाउझर आणि डाफ्ने बाव्हेलिए यांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्याच्या मधोमध क्षणभर दिसलेली आकृती ओळखायची आणि त्याच क्षणी कडेला चमकलेली खूण कोठे होती, तेही सांगायचे. भोवती फसव्या आकृत्यांची गर्दी. यात कर्णबधिर प्रौढ सरस ठरले. खुणांची भाषा जाणणाऱ्या पण ऐकू येणाऱ्या माणसांना हा लाभ दिसला नाही. तेव्हा कारण भाषा नव्हे, बधिरत्व. शाळकरी मुलांत हा फरक वयाच्या ११ वर्षांनंतरच दिसला. म्हणजे ही जन्माची देणगी नव्हे, सावकाश झालेली घडण आहे.

पाठीमागे दार वाजले की आपल्याला कान सांगतो. ज्याला कानाची राखण नाही, त्याच्या डोळ्यांनाच राखण करावी लागते. माझा मावसभाऊ जन्मापासून कर्णबधिर. गुरे चारताना बांधापलीकडे वळलेले वासरू आम्हा सर्वांआधी त्याला दिसे. शाळेत तोच ‘बेध्यान’ ठरला. गुरुजी फळ्याकडे तोंड करून शिकवीत, म्हणजे त्याच्या दृष्टीने गप्पच असत. कोणी बाकावरून उठले की तो तिकडे पाही आणि पाठीत धपाटा बसे. चौथीनंतर त्याची शाळा सुटली. आज तो वीटभट्टीवर आहे, आणि मी, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, ‘अवधान’ या प्रकरणाच्या व्याख्या पाठ करतो आहे!

ऐकणारे मूल वहीत मान घालूनही धडा ऐकते. कर्णबधिर मुलाला वही आणि शिक्षकांचे ओठ किंवा हात एकाच वेळी पाहता येत नाहीत. लिहायचे तर ऐकणे थांबते. शिक्षक मात्र थांबत नाहीत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकण्याचा हक्क दिला आहे. आपल्यापैकी पुष्कळजण पुढे बी.एड.ला जातील, म्हणून हे लिहितो. फळ्यावर लिहून झाल्यावर वर्गाकडे वळावे, मगच बोलावे. खिडकीकडे पाठ करून उभे राहू नये; उजेडामुळे चेहरा काळा दिसतो. मुलांना वहीत पाहायला सांगितले तर त्यांची मान वर येईपर्यंत थांबावे. बाके अर्धवर्तुळात मांडता आली तर उत्तमच, पण साठ मुलांच्या खोलीत ते जमणार नाही, हे मलाही कळते. मग निदान त्या मुलाला पहिल्या बाकावर अगदी मध्यभागी बसवू नये. सगळे हाच उपाय सुचवतात, पण तेथे सारा वर्ग त्याच्या पाठीमागे जातो. पुढच्या बाजूला भिंतीलगत, थोडे तिरके बसवले, तर शिक्षकही दिसतात आणि कोण उत्तर देत आहे तेही दिसते.