काक्षी फुटेल तेव्हा फुटेल, आज तो दाखवा

संपादक महोदय,

मृग नक्षत्रातला तांबूस काक्षी कोणत्याही क्षणी फुटेल, अशा अर्थाचे मथळे हिवाळा आला की आपल्यासह बऱ्याच दैनिकांत झळकतात. त्याला माझा आक्षेप आहे. हा तारा फुटणार हे खरे, पण केव्हा? पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी. शिवाय तो पाचशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर असल्याने पृथ्वीला त्याचा धोका नाही. या दोन गोष्टी मथळ्याखाली कुठेतरी दडपल्या जातात आणि शाळकरी पोरांच्या मनात तेवढी भीती उरते.

खरी बातमी तर घडून गेली. २०१९ च्या अखेरीस काक्षी मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत इतका फिका पडला, की मृगाच्या चौकोनातला एरवी त्याच्यापुढे निस्तेज वाटणारा शेजारचा तारा त्याच्या बरोबरीचा दिसू लागला. ताऱ्याने वायूचा प्रचंड लोट बाहेर फेकला, तो निवून त्याची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या दिशेने आडवी आली, असा निष्कर्ष हबल आणि चिलीतल्या दुर्बिणींच्या निरीक्षणांतून निघाला. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळापर्यंतचे सगळे ग्रह गिळून टाकील एवढा हा तारा. त्याची ही घालमेल आपल्याला गच्चीवरून, नुसत्या डोळ्यांनी दिसत होती! त्याचे तेज कमी-जास्त होते हे जॉन हर्शेल यांनी १८३६ मध्ये ओळखले, तेही शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहूनच.

सनसनाटी मथळ्यामुळे निदान लोक वर तरी बघतात, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. स्फोट पाहायला गच्चीवर गेलेला माणूस काहीच घडले नाही म्हणून खाली उतरतो, तो पुन्हा वर जात नाही.

त्यापेक्षा डिसेंबर ते मार्च आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट छापा. तीत प्रश्वा (प्रत ०.४), रोहिणी (०.९) आणि पुनर्वसूतला पिवळसर तारा (१.१) कुठे आहेत ते दाखवा, आकडा लहान तितका तारा तेजस्वी, हेही सांगा. काक्षी यांपैकी कोणकोणाच्या मध्ये बसतो एवढेच वाचकाने ठरवायचे. तारे क्षितिजापासून साधारण सारख्या उंचीवर असताना पाहावे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावली तर तो आहे त्याहून तेजस्वी भासतो, म्हणून नजर झटकन फिरवावी. वाचकांनी कळवलेल्या नोंदींचा आलेख मार्चअखेर आपण छापावा, ही विनंती.

– एक वाचक