आधी ३७, मग ५०

पावाच्या यीस्टला २५ अंशांवरून थेट ५० अंशांत टाकलं, तर बहुतेक पेशी काही मिनिटांत मरतात. आधी थोडा वेळ ३७ अंशांत ठेवलं, तर कितीतरी जास्त जगतात. तेवढ्या वेळात त्या हीट शॉक प्रोटीन्स बनवून ठेवतात. त्यातलं एचएसपी१०४ काढलं, तर ही तयारी बरीचशी वाया जाते, हे सांचेझ आणि लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये दाखवलं.

गंमत म्हणजे एचएसपी१०४ बिघाड टाळत नाही. उष्णतेने गुंता झालेली प्रथिनं सोडवून ते पुन्हा कामाला लावतं.

आम्ही मात्र नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या सपोर्टला बसवलं. गेल्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. सगळे म्हणाले, "कच्चा होता." मीसुद्धा! खरं तर त्याला ३७ अंश आम्ही दिलेच नव्हते.