विश्लेषण : बोटीच्या नाळेत मोटर कोणती? किलोवॅट नंतर, आधी मिनिटे विचारा

गेटवेहून मांडवा किंवा घारापुरीला लाँचने गेला असाल, तर हा क्षण ओळखीचा असेल. बोट जेट्टीजवळ येते, पण नीट टेकत नाही. वाऱ्याने पुढचे टोक बाहेर सरकते. खलाशी दोर ताणून धरतो, हात पुढे करतो आणि मूल कडेवर घेतलेली बाई हातभर फट ओलांडून उतरते. पाऊल चुकले, तर पाय बोट आणि जेट्टीच्या मध्ये जातो.

यात तांडेलाचा दोष क्वचितच असतो. सुकाणूवरून पाणी वेगाने वाहिले तरच ते बोट वळवते. जेट्टीला लागताना वेग जवळपास शून्य, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी स्टिअरिंग निकामी. लक्ष्मी रस्त्यावर दोन गाड्यांमधल्या जागेत कार घालायची आहे आणि चाके वळतच नाहीत, अशी कल्पना करा.

यावरचा उपाय बो थ्रस्टर. बोटीच्या नाळेत, पाण्याखाली आडवा आरपार बोगदा, त्यात छोटा पंखा आणि तो फिरवणारी विजेची मोटर. बटण दाबले की नाळ हव्या त्या बाजूला रेटली जाते. दोन इंजिनांच्या बोटीला एक इंजिन पुढे, एक मागे चालवून बरेच साधता येते. खरी गरज एका इंजिनाच्या, उंच बाजूंच्या बोटीला असते.

हिशेब कुठे चुकतो?

दहा मीटर लांब आणि पाण्यावर दीड मीटर उंच बोट घेऊ. ताशी 36 किलोमीटरचा आडवा वारा तिच्यावर साधारण 90 किलोचा जोर लावतो. नाळ सावरायला त्याच्या निम्मा, म्हणजे 45 किलोंचा रेटा लागतो. लहान थ्रस्टर किलोवॅटमागे ढोबळमानाने 15 ते 20 किलो रेटा देतात. झाली 3 किलोवॅटची मोटर! बहुतेक खरेदी इथेच थांबते आणि इथेच फसते.

मोटरच्या पाटीवर किलोवॅटच्या शेजारी आणखी एक नोंद असते. एस-1 म्हणजे अखंड चालणारी, एस-2 म्हणजे ठरावीक मिनिटे चालून थंड व्हायला सोडायची. थ्रस्टरसाठी मिळणाऱ्या कार्बन ब्रशच्या डीसी मोटरी बहुधा एस-2 असतात, दोन-तीन मिनिटांच्या. सुटीच्या दिवशी एकदा बाहेर पडणाऱ्या खासगी यॉटला तेवढे पुरते. आपली प्रवासी बोट दिवसभर जेट्टीला लागते, सुटते, उधाणात रांग उतरेपर्यंत तिथेच रेटून धरावी लागते. तिच्यात हीच मोटर बसवली, तर ती नेमकी गर्दीच्या फेरीला तापून बंद पडणार.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे : प्रवासी बोटीला ब्रशलेस मोटर आणि वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर हवा. पंख्याचा वेग निम्मा केला की रेटा एक चतुर्थांश होतो, पण वीज एक अष्टमांशच लागते. बोट नुसती धरून ठेवायला अनेकदा तेवढे पुरते आणि मोटरही तापत नाही. साध्या ब्रशच्या मोटरला मात्र बहुधा 'पूर्ण' किंवा 'बंद' एवढेच कळते. ब्रशलेस महाग पडते, हे खरे.

दुसरा घोळ व्होल्टचा. 3 किलोवॅटची मोटर 12 व्होल्टवर सहज 350 अँपिअर ओढते. तीन मिनिटांत वापरलेली वीज एका युनिटच्या पाव हिश्शाइतकीही नाही, प्रवाह मात्र प्रचंड. बॅटरी मागे इंजिनापाशी आणि मोटर आठ मीटर पुढे असेल, तर 35 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये जाऊन-येऊन 2.8 व्होल्ट वाटेतच गळतात. जवळपास चौथा हिस्सा! तीच केबल 24 व्होल्टला सहा टक्केच खाते, 48 ला त्याहून खूपच कमी. नाहीतर मोटरसाठी वेगळी बॅटरी नाळेतच ठेवा.

पुण्यात समुद्र नाही, पण 'त्यात काय, जमवून देतो' म्हणणारे भरपूर. ट्रकच्या स्टार्टरवर थ्रस्टर चालवण्याची कल्पना मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. स्टार्टर काही सेकंदांसाठी बनलेला असतो. शिवाय इलेक्ट्रिकलच्या तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न आठवा : सीरिज मोटर विनाभार का चालवायची नाही? पंख्याची पिन तुटली किंवा लाटेवर नाळ उचलून बोगदा पाण्याबाहेर आला, तर ती बेलगाम सुटते. पेट्रोल इंजिनाच्या बोटीत ब्रशची ठिणगी हा आणखी वेगळा धोका.

आता विषय महत्त्वाचा ठरतो, कारण बोटीच विजेवर येत आहेत. कोची वॉटर मेट्रो एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या हायड्रोजन फेरीबोटीचे उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 रोजी झाले. तिचे फ्युएल सेल तंत्रज्ञान पुण्याच्या केपीआयटीचे. अशा बोटीत मोठी बॅटरी आधीच असते. तिथे 12 व्होल्टची मोटर मागवणे म्हणजे केवळ सवय.

ज्यांच्याकडे थ्रस्टर आहे, पण 'जोर लागत नाही' अशी तक्रार आहे, त्यांनी बोट बांधून तो चालवावा आणि मोटरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरावा. 12 व्होल्टच्या मोटरला तिथे 10 च्या खाली आकडा दिसला, तर नव्या मोटरची ऑर्डर देण्याआधी केबल आणि बॅटरी तपासा.