मवाळ विरुद्ध जहाल : मोर्लेसाहेबांचा डाव आपण अजून का खेळतो आहोत?

१.
दरवर्षी १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी येते आणि समाजमाध्यमांवर एक जुने भांडण नव्याने पेटते. एक पक्ष म्हणतो, "गोखले म्हणजे अर्जविनंत्या करणारे इंग्रजांचे लाडके." दुसरा म्हणतो, "टिळकांनी डोकी भडकवली. हाती काही लागले ते सनदशीर मार्गानेच." ही दोन्ही वाक्ये खोटी आहेत, आणि दोन्ही ज्यांच्या सोयीची होती ते लोक या देशातले नव्हते. थ्रेड दीर्घ आहे, सवडीने वाचा.

२.
माझे म्हणणे आरंभीच सांगतो. टिळक-गोखल्यांमधील मतभेद खरे होते, तीव्र होते, पुष्कळदा कडवटही होते. परंतु 'एक खरा देशभक्त ठरायचा तर दुसरा गद्दार ठरलाच पाहिजे' ही मांडणी त्या मतभेदांतून आपोआप निघत नाही. तिचा राजकीय लाभ कोणी उचलला, हे १९०७ ते १९०९ या तीन वर्षांच्या तारखा ओळीने मांडल्या की दिसते.

३.
प्रथम शिक्के बाजूला ठेवू. 'जहाल' टिळक १८९५ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले होते. होय, १८९२ च्या त्याच तुटपुंज्या कायद्याखालील कौन्सिलात. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी आणि सार्वजनिक सभेने काय केले? सरकारच्याच दुष्काळ-संहितेतील तरतुदी गावोगावी समजावून सांगितल्या. पीक बुडाले असेल तर सारासूट मागणे हा तुमचा हक्क आहे, असे शेतकऱ्याला सांगितले. सरकारचे कलम घेऊन सरकारलाच जाब विचारण्याची ही रीत होती.

४.
आता 'मवाळ' गोखले पाहा. मार्च १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकीचा अभिमान मिरवीत होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे पुढे ठेवून दाखविले की, दुष्काळाने पिचलेल्या रयतेवर कराचे ओझे तसेच ठेवून साठवलेली ही शिल्लक आहे. मिठावरील कर कमी करा, ही त्यांची मागणी होती. १९०३ पासून तो कर टप्प्याटप्प्याने उतरत गेला आणि मणामागे अडीच रुपयांवरून १९०७ मध्ये एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय एका माणसाला देणे अतिशयोक्तीचे होईल. पण या माणसाला 'निरुपद्रवी' म्हणणे त्याहून मोठी अतिशयोक्ती आहे.

५.
१६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. त्याच वर्षी बनारस काँग्रेसचे अध्यक्ष गोखले होते. त्या भाषणात त्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना औरंगजेबाच्या कारभाराशी केली आणि स्वदेशीचा मनःपूर्वक पुरस्कार केला. बहिष्काराबाबत त्यांनी सावधगिरीचा सल्ला दिला. तरी निर्वाणीचे राजकीय शस्त्र म्हणून त्याची वैधता मान्य केली. ही भाषा लाडक्या आश्रिताची आहे काय?

६.
मग हे दोन प्रवाह फुटले कसे? त्यात आपलाही दोष होता आणि तो लपविण्याचे कारण नाही. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेसच्या मंडपात खुर्च्या उडाल्या, जोडा भिरकावला गेला, अधिवेशन मोडले. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे आदल्या वर्षी कलकत्त्यास संमत झालेले ठराव पातळ केले जातील, ही जहालांची भीती निराधार नव्हती. सरकार चिडून सर्वांनाच चिरडील, ही नेमस्तांची भीतीही निराधार नव्हती. दोन्ही बाजूंनी हट्ट केला.

७.
पण या हट्टाचे पीक कापले कोणी? लंडनमध्ये भारतमंत्री जॉन मोर्ले, कलकत्त्यास व्हाइसरॉय मिंटो. 'नेमस्तांना आपल्या बाजूस वळवा' हे त्यांचे जाणूनबुजून आखलेले धोरण होते. नेमस्तांना सुधारणांचे आश्वासन, जहालांना तुरुंग आणि मुस्लीम नेत्यांना विभक्त मतदारसंघ, असे त्याचे तीन पदर होते. शेवटच्या पदराचे आश्वासन मिंटोने ऑक्टोबर १९०६ मध्येच, आगाखानांच्या शिष्टमंडळाला सिमल्यात दिले होते.

८.
आता तारखा.
मे १९०७ : लाला लजपतराय यांना खटला न चालविता मंडालेस हद्दपार केले. आधार १८१८ च्या एका जुन्या रेग्युलेशनचा.
नोव्हेंबर १९०७ : राजद्रोही सभाबंदीचा कायदा.
जून १९०८ : स्फोटक पदार्थांचा कायदा आणि वृत्तपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदा, दोन्ही एकाच वेळी.
२२ जुलै १९०८ : 'केसरी'तील लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा.
डिसेंबर १९०८ : संस्था बेकायदा ठरविण्याचा अधिकार देणारा नवा फौजदारी कायदा, बंगालमधील नऊ पुढारी हद्दपार.

९.
आणि त्याच डिसेंबर १९०८ मध्ये मोर्ले यांनी उमरावांच्या सभागृहात आपल्या प्रसिद्ध 'सुधारणा' मांडल्या. एकाच महिन्यात एका हाताने हद्दपारीचे हुकूम आणि दुसऱ्या हाताने कौन्सिलातील जागा. या दोन गोष्टी पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. म्हणून आपल्याला त्या वेगळ्या वाटतात. त्या काळच्या माणसाला त्या एकाच टपालाने आल्या होत्या.

१०.
टिळकांच्या खटल्याचा तपशील विसरू नका. नऊ ज्युरर. त्यांपैकी सात युरोपीय आणि दोन भारतीय. निकाल सात विरुद्ध दोन. मुंबईच्या गिरणीकामगारांनी या शिक्षेविरुद्ध सहा दिवस काम बंद ठेवले. कायद्यासमोर सर्व समान, असे सांगणाऱ्या राज्यात ज्युरीची मतविभागणी कातडीच्या रंगाप्रमाणे व्हावी, यावर वेगळे भाष्य नको.

११.
मोर्ले यांच्या हेतूबद्दल शंका असेल तर त्यांचेच सांगणे पाहा. या सुधारणांतून भारतात संसदीय पद्धती येणार असेल, तर आपण त्यात मुळीच भाग घेणार नाही, अशा अर्थाचे निवेदन त्यांनी त्याच भाषणात केले. म्हणून "इंग्रजांनी आपल्याला टप्प्याटप्प्याने लोकशाही शिकविली" असे लिहिणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे : जो धडा द्यायचा नाही असे शिक्षक स्वतः उभा राहून सांगतो, तो धडा त्याने दिला असे कसे म्हणता?

१२.
१९०९ च्या कायद्याने दिले काय? केंद्रीय कौन्सिलातील अतिरिक्त सभासदांची संख्या १६ वरून ६० पर्यंत नेली. ठराव मांडता येऊ लागले, पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागले. परंतु केंद्रात सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत कायम राहिले. म्हणजे बोलण्याची मुभा वाढली. निर्णय मात्र जिथे होता तिथेच राहिला.

१३.
याचा अर्थ काय होतो, हे गोखल्यांनीच स्वतःच्या पराभवाने दाखविले. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मागणी किती सौम्य! स्थानिक संस्थांना आपल्या क्षेत्रात शिक्षण सक्तीचे करण्याची परवानगी असावी, तीही सरकारच्या संमतीने. वर्षभर त्यांनी आकडे मांडले, शंका निरसल्या, विनवले. मार्च १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

१४.
ही तेरा मते लक्षात ठेवा. ज्यांना 'आपल्या बाजूस वळवायचे' होते, त्या नेमस्तांच्या अग्रणीला मुलांच्या शाळेसाठीही होकार मिळाला नाही. मोर्ले-मिंटोंना गोखल्यांचे काम नको होते, त्यांना गोखल्यांचे नाव हवे होते. 'पाहा, समंजस माणसे आमच्या बरोबर आहेत' असे जगाला दाखविण्यासाठी.

१५.
इथे गोखल्यांची चूकही सांगितली पाहिजे, अन्यथा हा थ्रेड एकतर्फी ठरेल. १९०७ च्या सभाबंदी कायद्याला त्यांनी कौन्सिलात कसून विरोध केला. पण १९१० च्या वृत्तपत्र कायद्याला त्यांनी, नाखुशीने का होईना, पाठिंबा दिला. पुढे असंख्य देशी वृत्तपत्रांचा गळा त्याच कायद्याने आवळला. सरकार आपला शब्द पाळील, हा विश्वास त्यांनी गरजेपेक्षा अधिक काळ जपला. ही टीका पुराव्यावर उभी आहे, म्हणून ती करावी. 'हस्तक' ही शिवी पुराव्यावर उभी नाही, म्हणून ती देऊ नये.

१६.
उलट बाजूचा हिशेबही करा. वंगभंग ही 'पक्की झालेली गोष्ट' आहे, असे मोर्ले यांनी १९०६ मध्ये पार्लमेंटात ठणकावले होते. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात खुद्द राजाच्या तोंडून ती रद्द झाली. ही केवळ निवेदनांची कमाई होती काय? परदेशी कापडाच्या होळ्या, स्वदेशीची दुकाने, बारिसालपासून पुण्यापर्यंतचा असंतोष आणि क्रांतिकारकांचा वाढता धाक यांच्यावाचून तो दरबारी औदार्याचा झरा फुटला असता, असे म्हणणाऱ्याने निदान एक कारण द्यावे.

१७.
१९०८-०९ चा हाच प्रयोग दहा वर्षांनी पुन्हा झाला. जून १९१७ मध्ये ॲनी बेझंट स्थानबद्ध; २० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यूंची 'जबाबदार राज्यपद्धती'ची घोषणा. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा, कौन्सिलातील सर्व निर्वाचित भारतीय सभासदांच्या विरोधाला न जुमानता. १३ एप्रिलला जालियनवाला बाग. सरकारी आकड्याप्रमाणेच ३७९ मृत. आणि डिसेंबर १९१९ मध्ये सुधारणांचा कायदा. त्यात शिक्षण, आरोग्य ही खाती 'सोपीव'; तिजोरी आणि पोलीस 'राखीव'. शाळा तुमची, पण शाळेचा पैसा आमचा.

१८.
आता टिळकांकडे परत या. १९१४ मध्ये सुटून आलेल्या, मंडालेत सहा वर्षे काढलेल्या टिळकांनी १९१९ च्या या अपुऱ्या कायद्याचे काय केले? अमृतसर काँग्रेसमध्ये त्यांची भूमिका 'प्रतियोगी सहकारिते'ची होती : सरकार जितके सहकार्य करील तितके आपण करू. एप्रिल १९२० मध्ये कौन्सिलच्या निवडणुका लढविण्यासाठी त्यांनी काँग्रेस लोकशाही पक्ष काढला. १ ऑगस्टला ते गेले नसते, तर 'जहालांचे मुकुटमणी' त्या वर्षी मते मागताना दिसले असते. शिक्का कुठे बसवायचा, सांगा.

१९.
कौन्सिल आणि रस्ता यांचा संबंध ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने महाडकडे पाहावे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलात संमत झाला : सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्याची सोय अस्पृश्यांना नव्हतीच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव कागदावरून खाली उतरला.

२०.
तिथे ठराव होता म्हणून सत्याग्रहाला कायद्याचे अधिष्ठान होते. सत्याग्रह झाला म्हणून ठरावाला अर्थ आला. आणि हेही ध्यानात घ्या की अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवणारा इंग्रज नव्हता, आपलेच लोक होते. 'सुधारणा की चळवळ' हा प्रश्न महाडच्या माणसांनी विचारला असता, तर ती तहानलेलीच परतली असती.

२१.
मित्रहो, हे सारे आज कशाला? कारण आपण इतिहास वाचतो आणि त्याच वेळी स्वतःला एक सवय लावून घेतो. जो अभ्यास करून अर्ज लिहितो तो भेकड, जो मोर्चात जातो तो माथेफिरू, असे ठरविण्याची सवय. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करणारा आणि त्याच प्रश्नावर उपोषणाला बसणारा यांना परस्परांचे शत्रू ठरविले, की ज्याला उत्तर द्यायचे असते तो निवांत झोपतो.

२२.
१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. वय अवघे ४८. आयुष्यभर त्यांच्याशी भांडलेले टिळक अंत्ययात्रेस गेले आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांचा गौरव करून तरुणांना त्यांच्या कार्याचे अनुकरण करण्यास सांगितले. मतभेद त्यांनी मागे घेतले नाहीत. घेण्याची गरजही नव्हती. विरोधक कोण आणि शत्रू कोण, हे त्यांना ठाऊक होते.

२३.
पुढच्या १ ऑगस्टला कोणी तुम्हाला 'टिळक की गोखले' असे विचारले, तर उत्तर देण्याआधी त्याला डिसेंबर १९०८ च्या तारखा दाखवा. आणि टीका करायचीच असेल तर दोघांवरही करा. मात्र आधी गोखल्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे आणि टिळकांचे 'केसरी'तील अग्रलेख मुळातून वाचा. दोन्ही ग्रंथालयांत मिळतात, आणि दोन्हींवर धूळ सारखीच आहे.