खुणेचे बियाणे

काळ्या रानात कापूस-ज्वारीच्या जोडीला सूर्यफूल एकेकाळी हुकमी पैशाचे पीक होते. लातूर-धाराशिव-सोलापूर पट्ट्यात आज ते शोधावे लागते. दोष सगळा बियाण्याचा नाही. मे 2025 मध्ये कच्च्या सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले गेले. भाव पाडायचा आणि तेलबियांत स्वयंपूर्ण व्हा म्हणायचे, ही सरकारची जुनी रीत. पण आज बियाण्याचेच बोलू. 'मार्कर' या शब्दावरून सभांत बराच गोंधळ होतो.

मार्कर म्हणजे खूण. विहीर लांबून दिसत नाही, तिच्या काठचे उंबराचे झाड दिसते. तसे रोगाला दाद न देणारे जनुक डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या शेजारचा डीएनएचा तुकडा प्रयोगशाळेत ओळखता येतो. कोवळ्या रोपाचे पान तपासले की पुरते. झाड विहिरीपासून दूर असेल तर मात्र फसगत ठरलेली. म्हणून परदेशी वाणांवर शोधलेली खूण आपल्या वाणांवर पडताळल्याशिवाय उपयोगाची नाही.

हे जनुक बदललेले बियाणे नव्हे. बीटी कापसात बाहेरचे जनुक घातले. येथे संकर नेहमीचाच, फक्त निवड डोळस.

ज्वारीच्या संकरित बियाण्याचे नर-मादीचे पट्टे ज्यांनी पेरले आहेत, त्यांना पुढचे लगेच कळेल. 1969 साली फ्रान्समध्ये लेक्लेर्क यांनी रानटी सूर्यफुलाशी संकर करून नरवंध्य मादी मिळवली. तिच्या संकरित पिकात पराग परत आणणारे जनुक नराकडून यावे लागते. ते नरात आहे की नाही, हे कळायला संकर करून, पुढच्या हंगामात पेरून, फुलोऱ्याची वाट पाहावी लागे. खुणेने तो हंगाम वाचतो.

खरा फायदा केवड्यात. रोपे खुजी राहतात, पानाखाली पांढरी बुरशी येते, तो हा रोग. वाणात प्रतिकाराचे एकच जनुक असेल तर बुरशीची नवी जात त्याला हुलकावणी देते. दोन जनुके एकत्र आणावीत, तर रोग लावून पाहिल्यावर रोप वाचले एवढेच कळते. एकाने वाचले की दोघांनी, ते कळत नाही. खूण ते सांगते. अवर्षण आणि उतारा यांमागे मात्र अनेक जनुके असतात. तेथे एका खुणेचा गाजावाजा करणाऱ्या पिशवीवर आम्ही तरी पैसे घालणार नाही.

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. ते कोणाच्या कुलपात आहे, हा प्रश्न आहे. संकरित बियाणे घरचे राखता येत नाही, मग नर-मादीच्या ओळी ज्याच्या हाती, दर त्याच्या हाती. लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राच्या आणि हैदराबादच्या तेलबिया संस्थेच्या ओळी जनतेच्या पैशाच्या आहेत. त्यांवर खुणा पडताळाव्यात आणि निकाल मराठीत छापावेत, ही आमची मागणी. कोरडवाहू रानात चाचणीचे प्लॉट द्यायला कोण तयार आहे, ती गावनिहाय यादी जिल्हा बैठकीत घेऊन यावी.