घाटाची उतरण आणि चार चाकांचे बळ

श्रावणसरी सुरू झाल्या, की अमरावती-अकोल्याची अनेक कुटुंबे मुक्तागिरीच्या दर्शनाला निघतात आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाटही चढून येतात. सुमारे अकराशे मीटर उंचीवरील या ठिकाणी पावसाळ्यात धुके इतके दाटते, की समोरून येणाऱ्या गाडीचे केवळ दिवे दिसावेत. अलीकडे अशा सहलींत फोर बाय फोर गाड्या वाढल्या आहेत. गाडी घेताना तिच्या बळाचे कौतुक फार होते. ते बळ नेमके कशासाठी आहे, याची विचारणा मात्र क्वचितच होते.

चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळाल्याने निसरड्या वाटेवर गाडी पुढे नेणे सोपे होते. थांबविण्याच्या कामी त्या शक्तीचा उपयोग जवळजवळ नाही. ब्रेक प्रत्येक मोटारीच्या चारही चाकांना असतातच. पकड ठरते ती टायर आणि जमीन यांच्यावर. त्यामुळे चढ लीलया चढून गेलेला चालक उतरणीवर फसतो, आणि मागे आजी व नातवंडे बसलेली असतात.

कच्च्या, निसरड्या वाटेवर उतार सुरू होण्यापूर्वीच गाडी लो रेंजमध्ये, पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये घालावी आणि क्लचवरील पाय काढून घ्यावा. मग इंजिनच गाडीला आवरून धरते व ब्रेकवर भार येत नाही. डांबरी घाटातही साध्या खालच्या गिअरने हेच साधते. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचविण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. असली बचत कोणत्याही जमाखर्चात बसत नाही. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीची चाके आवळली जाऊन ती घसरू लागली, तर ब्रेक क्षणभर सैल करावा. चाके फिरू लागताच स्टिअरिंग पुन्हा ऐकू लागते. चढ अर्ध्यावर सुटला, तर गाडी वळवू पाहणे सर्वांत घातक, कारण आडवी झालेली गाडी उलटते. रिव्हर्स गिअर टाकून, सरळ रेषेत, इंजिनाच्या आधाराने मागे यावे.

सुट्टीत मनालीकडे जाणाऱ्यांना बर्फाचे भय वाटते. पण वऱ्हाडातील काळ्या मातीचा चिखल ज्याने अनुभवला, त्याला बर्फ अगदीच परका नाही. दोन्ही टायरच्या खाचांत भरून बसतात आणि टायर गुळगुळीत करून टाकतात. बर्फावर चाकांना साखळ्या बांधता येतात, एवढा फरक. सावलीतल्या वळणावर गोठलेला पारदर्शक थर मात्र डोळ्यांना दिसत नाही. तेथे वेग आधीच कमी केलेला हवा. पुढे कोरडा डांबरी रस्ता लागताच, लीव्हरने जोडावयाच्या गाड्यांत पुन्हा दोन चाकांवर यावे, अन्यथा वळणावर यंत्रणेवर ताण येतो.

याच डोंगरांत 1803 च्या डिसेंबरात कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने गाविलगडाकडे जड तोफा ओढून नेल्या, त्याही स्वतः वाट तयार करीत. आज घाट डांबरी आहे, पण अरुंद वळणावर दोन गाड्या समोरासमोर येतातच. अशा वेळी उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियमच आहे. चढणारी गाडी निसरड्यावर एकदा थांबली, की तिला पुन्हा हलविणे फार कठीण असते.