गोळी बाधली की ताप?

आपल्या भाषेत अन्न एकतर मानवते, नाहीतर बाधते. औषधालाही आपण तोच न्याय लावतो. पण औषध घेणारा मनुष्य मुळात आजारी असतो, हे मात्र विसरतो.

यंदा पावसाळ्यात आमच्या माटुंग्याच्या इमारतीतला एक शाळकरी मुलगा फ्लूने अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी टॅमिफ्लू दिले. दुसऱ्या गोळीनंतर त्याला उलटी झाली. आजींनी लगेच निकाल दिला, ‘‘सर, गोळी उष्ण पडली हो पोराला. आता बंद!’’ डॉक्टरांनी फोनवर एवढेच विचारले, ‘‘आजी, रिकाम्या पोटी दिलीत का?’’ दिली होती खरी. पुढची गोळी मऊ भातानंतर दिली, आणि ती पोटात राहिली.

या औषधाचे आपल्याशी नाते जुळले ते २००९ साली. ऑगस्टच्या ३ तारखेला स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला आणि नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या. रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून लोक हिंडू लागले. तेव्हा टॅमिफ्लू दुकानात मिळत नव्हते, सरकारी रुग्णालयातूनच मिळे. मिळाले नाही म्हणून धास्ती. आणि मिळाल्यावर ‘बाधेल की काय’ ही दुसरी धास्ती!

बाधते ते किती? प्रौढांवरील चाचण्यांत गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे दहांना मळमळ झाली. पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतही सहांना झालीच. उलट्या झाल्या त्या आठांना, आणि खोट्या गोळीवर तिघांना. म्हणजे थोडा दोष गोळीचा खरा, पण सगळा नव्हे. डोकेही दुखते, तेही दोघांपैकी कोणामुळे, कोण सांगणार?

जपानात तर प्रकरण फार गंभीर झाले. गोळी घेतलेली काही मुले भ्रमात विचित्र वागली, काहींनी उंचावरून उडी घेतली. २००७ साली तेथील सरकारने दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांना हे औषध देऊ नये असे बजावले. पुढे दिसले की, औषध न घेतलेल्या फ्लूच्या रुग्णांतही असा भ्रम होतो. तेव्हा २०१८ साली ती बंदी उठली. सल्ला मात्र राहिला: औषध असो वा नसो, ताप आल्यापासून निदान दोन दिवस मुलाला एकटे सोडू नका.

गोळीचे गुणही बेताचेच. शरीरात तयार झालेले नवे विषाणू पेशीतून सुटू नयेत, एवढेच तिचे काम. म्हणून पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत घेतली तर उपयोग अधिक. धडधाकट माणसाचे दुखणे त्यामुळे साधारण एखाद्या दिवसाने आटोपते. वृद्ध, गर्भवती, दम्याचे वा मधुमेहाचे रुग्ण यांच्या बाबतीत मात्र डॉक्टर ती देण्यास विलंब करीत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते आधी सांगावे. मात्रा कमी करावी लागते.

तेव्हा गृहिणींनो, शेजारणीकडे उरलेली गोळी आणून देऊ नका आणि एका उलटीने पाच दिवसांचा क्रम मोडू नका. अंगावर पुरळ उठले, चेहरा सुजला, श्वास अडला किंवा मूल असंबद्ध बोलू लागले, तर मात्र उष्ण-थंडाचा खल करीत न बसता तडक डॉक्टर गाठा. गोळी केव्हा दिली, त्रास केव्हा झाला, हे कागदावर टिपून न्या. बाधली कोण, याचा निवाडा त्या कागदावरून ते अधिक चांगला करतील.